खाडाखोड: बडोद्यातल्या एका भावंडांच्या जोडीचं प्रकरण

आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावर जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांचे गठ्ठे साठले आहेत, त्याचं कारण माझा आळस. २०१७ च्या दिवाळीत त्यातला एक गठ्ठा पस्तीवाल्याला द्यायला म्हणून खाली काढला. सगळ्यात वर नववीच्या गणिताची वही होती, २०१४-१५ सालची. सहज चाळली. अवयव पाडण्याच्या प्रकरणात पानं खोडरबरानं इतकी घासलेली की दोन ठिकाणी भोक पडलं होतं. बाकी सगळं स्वच्छ. इतकं स्वच्छ, की त्या मुलाचं नेमकं कुठं चुकत होतं हे मला आता काही केल्या सांगता येईना.

त्याच संध्याकाळी त्याच मुलाची धाकटी बहीण शिकायला आली. तीही तेव्हा नववीत, तेच प्रकरण चालू. तिच्या वहीत चुकलेल्या पायरीवर एकच आडवी रेघ, त्याखाली दुरुस्त पायरी. एका अर्धवट सुटलेल्या गणिताशेजारी समासात बारीक अक्षरात गुजरातीत लिहिलेलं: ‘अहीं सुधी समजायुं.’ इथपर्यंत समजलं.

मी विचारलं, “हे कुणी शिकवलं तुला?”

तिला प्रश्नच कळला नाही. “काय, काका? असंच लिहितात ना?”

माझी सगळी नोकरी माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात गेली. नववीच्या मुलांच्या वह्या मी हजारांनी पाहिल्या असतील, आणि असं कुणी लिहीत नाही. दोघं एकाच घरातली, पहिली-दुसरी एकाच मराठी शाळेत केलेली, तिसरीपासून एकाच गुजराती शाळेत गेलेली. मग हा फरक आला कुठून? शोध घेत गेलो तो पार पहिलीच्या वर्गापर्यंत पोचलो. त्याचं हे टिपण. नावं गाळली आहेत. मुलांना थोरला आणि धाकटी म्हणतो.

घर आणि शाळा

वडील छापखान्यात कामाला, आई ऑर्डरीप्रमाणे पोळ्या करून देणारी. घर दोन खोल्यांचं. थोरला २००६ च्या जूनमध्ये पहिलीत गेला, धाकटी २००९ च्या. दोघांनाही दुसरीनंतर वडिलांनी गुजराती माध्यमात घातलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: घरात मराठी आहेच, पोटापाण्याला गुजराती हवी. बडोद्यातल्या किती मराठी घरांत हे वाक्य बोललं गेलं असेल, त्याची गणती नाही.

थोरल्याच्या नशिबी आलेल्या पहिलीत एका वर्षात तीन शिक्षिका बदलल्या. पहिल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, मग काही आठवडे बदली बाई, मग वर्ग दुसरीला जोडला. जोडवर्गात निम्मा वेळ ‘तुम्ही शांत बसा, मी यांना शिकवते’ यात जातो, हे ज्यानं जोडवर्ग पाहिला आहे त्याला सांगायला नको. पुढच्या वर्षी, २००७ च्या डिसेंबरात विधानसभेच्या निवडणुका आल्या आणि दुसरीच्या बाई त्या कामात. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पण थोरला दुसरी संपवून बाहेर पडला तेव्हा त्याला वाचता येत होतं की पाठ होतं, हे घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. आई म्हणते, “धडा म्हण म्हटलं की घडाघडा म्हणायचा. मधलाच एखादा शब्द बोटानं दाखवला की गप्प.”

धाकटीला पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्षं एकच बाई मिळाल्या. आणि हेही सांगितलं पाहिजे, की अडचणी त्यांनाही चुकल्या नाहीत. २०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेचं काम त्यांच्याही गळ्यात पडलं. शिक्षण हक्काच्या कायद्यानं शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं द्यायला मनाई केली, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्या. त्या महिन्यात बाई सकाळी घरोघर फिरत आणि दुपारी वर्गावर येत. म्हणून ‘सरकारी कामांमुळे शिकवणं होत नाही’ हे कारण खरं असलं तरी इथं ते पुरत नाही.

बाई काय करायच्या

हे मी धाकटीच्या दोन वर्गमैत्रिणींकडून, तिच्या आईकडून आणि शेवटी बाईंकडून गोळा केलं. धाकटीला स्वतःला फारसं आठवत नव्हतं. तिला आठवत होता बाईंच्या टेबलावरचा मातीचा पोपट.

रोज प्रत्येक मुलानं बाईंच्या टेबलापाशी जाऊन एक ओळ वाचायची. कोणती ओळ ते बाई त्या क्षणी ठरवणार, त्यामुळे पाठांतर कामाला येत नसे. वाचली की छोट्या वहीत नावापुढे टिंब. ज्याचं टिंब राहिलं तो शाळा सुटल्यावर थांबायचा, आणि त्याच्याबरोबर बाईही थांबायच्या. शिक्षा म्हणून नव्हे. बाई तोवर आपला डबा धुवायच्या, फळा पुसायच्या, आणि ते मूल वाचायचं.

पाटीवर चुकलं की थुंकी लावून पुसायची सोय नाही. पुसायचंच नाही. रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. पाटी भरली की बाई बघून जाणार, मगच ओल्या फडक्यानं पुसायची. ‘चूक माझ्यासाठी ठेव’ असं त्या म्हणत, इति एक मैत्रीण.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ‘बाई, समजलं नाही’ असं म्हणायला त्यांच्या वर्गात परवानगी नव्हती. ‘कुठपर्यंत समजलं ते सांग’ असं त्या विचारत. सहा वर्षांच्या मुलाला हे सांगायला किती जड जातं, करून पाहा. ‘सातातून नऊ जात नाहीत इथपर्यंत समजलं’ एवढं जरी आलं तरी अर्धं काम झालं. दहावीच्या मुलांकडून एवढं काढून घेण्यात माझी हयात गेली. या बाई पहिलीत ते करून घेत होत्या.

मूल दोन दिवस आलं नाही की मधल्या सुट्टीत त्याच्या गल्लीतल्या मुलाला त्याच्या घरी पिटाळलं जाई. बाकी गाणी, गोष्टी, चित्रं सगळ्या चांगल्या वर्गांत असतात तशी इथंही होती. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही.

गुण कुठे गेले

दुसरीच्या शेवटी धाकटी वर्गात वरच्या तीन-चारांत होती. तिसरीत गुजराती शाळेत गेली आणि कोसळली. गुजरातीत इयत्तेला ‘धोरण’ म्हणतात. वडील गमतीनं म्हणायचे, पोरीचं धोरण बदललं आणि सरकार पडलं. लिपी जवळची खरी, पण जवळची लिपीच जास्त घोटाळा करते. अक्षरांच्या डोक्यावर रेघ नाही; ज, झ, फ, इ वेगळेच. धाकटी कित्येक महिने गुजराती शब्दांवरही शिरोरेघ ओढत होती आणि त्याचे गुण जात होते. शिवाय वहीत रेघा मारलेल्या चुका. ‘वही गचाळ आहे’ हा शेरा तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्षांच्या वह्यांवर मी पाहिला. वही तपासणी व्हायची ती स्वच्छतेची. तेव्हा तिनं एक तोड काढली, ती आईच्या लक्षात आहे: जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू शिवून एक कच्ची वही केली. चुका तिथं. पक्क्या वहीत फक्त उत्तर.

पाचवी-सहावीत दोघा भावंडांची प्रगतिपत्रकं शेजारी ठेवली तर कुणाचं कुठलं ते ओळखू येत नाही. दोघंही मध्यम, गणितात मध्यमाहून थोडे खाली. म्हणजे २०१४ साली कुणी मला विचारलं असतं, की त्या बाईंच्या दोन वर्षांतलं काय उरलं, तर कागद बघून मी सांगितलं असतं: काही नाही.

नेमकी हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे दिसून आली आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ७९ शाळांतली ११ हजारांहून जास्त मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वर्गांत वाटली गेली होती. मूळ हेतू लहान वर्गाचा फायदा तपासण्याचा. पण वाटणी नशिबावर झाल्यामुळे ‘चांगल्या घरातल्यांनी चांगली बाई निवडली’ असं म्हणायची सोय उरली नाही. ती मुलं २५ ते २७ वर्षांची असतानाची त्यांची कमाई अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली, ते २०११ साली छापून आलं. बालवाडीत ज्यांना चांगला वर्ग मिळाला त्यांची आघाडी मधल्या इयत्तांच्या परीक्षांत जवळजवळ विरून गेली होती, आणि मोठेपणी कमाईत ती पुन्हा वर आली होती. मधल्या काळात ती कुठं दडून बसली होती? त्यांना धागा सापडला तो शिक्षकांनी चौथी आणि आठवीत मुलांच्या वागणुकीबद्दल केलेल्या नोंदींत: प्रयत्न करतं का, आपणहून पुढाकार घेतं का, वर्गात गोंधळ घालतं का. परीक्षेत जे दिसत नव्हतं ते वागण्यात टिकून होतं.

आणि लांब कशाला जायचं, हे विरून जाणं आपल्या बडोद्यातही मोजलं गेलं आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात बडोदा आणि मुंबईच्या महापालिका शाळांतल्या तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वस्तीतलीच एक तरुणी पायाभूत वाचन-गणित शिकवायची. एका गटात पंधरा-वीस मुलं, तिला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली, २००७ साली ती छापून आली. दुसऱ्या वर्षाअखेर या शाळांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनाइतके (प्रमाण विचलन म्हणजे गुण किती पसरले आहेत त्याचं माप) वर गेले होते. शिक्षणातल्या मोजमापांत हा आकडा घसघशीत. पण उपक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरानं पाहिलं, तर त्यातला साधारण ०.१ उरला होता. पुढं या लेखकद्वयाला २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा बडोद्यात पेढे वाटले गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. प्रयोग आपल्याच शाळांत झाला होता, हे किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

दुसरी बाजू साठत जाण्याची. टेनेसीतलेच विल्यम सँडर्स, मूळचे शेती आणि पशुपैदाशीच्या बाजूचे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी आणि जून रिव्हर्स यांनी १९९६ साली मांडलं, की तिसरी ते पाचवी सलग तीन प्रभावी शिक्षक मिळालेली मुलं आणि सलग तीन कमकुवत शिक्षक मिळालेली मुलं यांच्यात गणितात सुमारे ५० शतमकांचं, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत पन्नास जागांचं, अंतर पडतं. एक वाईट वर्ष पुढच्या चांगल्या शिक्षकानं काही अंशी भरून निघतं, पण मागचा ठसा पुढच्या निकालांत दिसत राहतो. त्यांच्या पद्धतीवर पुढं बरीच टीका झाली, आणि ५० हा आकडा मी जसाच्या तसा छातीला लावून फिरणार नाही. पण थोरल्याच्या पहिली-दुसरीचा हिशेब मांडताना तो डोळ्यांपुढून हलत नाही.

धाकटीचं दडलेलं वर आलं ते सातवीच्या शेवटी, आणि आलं तेही मुंगीच्या पावलांनी. बीजगणितात अक्षरं आली तेव्हा वर्गातली निम्मी मुलं ‘समजत नाही’ म्हणून थांबली. ती ‘इथपर्यंत समजलं’ म्हणून यायची. मला एकच पायरी समजवावी लागे. आठवीत ती थोरल्याच्या पुढं गेली, दहावीत आणखी पुढं. थोरला २०१६ च्या दहावीत गणितात नापास झाला, पूरक परीक्षेत सुटला. धाकटी २०१९ ला पहिल्या फटक्यात पास, गणितात चौऱ्याहत्तर.

दुसरी कारणं

एक रेघ ओढून ‘बाईंमुळे’ असं लिहायला हात शिवशिवतो. पण गणिताचा माणूस आहे, पायऱ्या गाळता येत नाहीत.

ती मुलगी, तो मुलगा. थोरल्याला आठवीपासून सुट्टीत छापखान्यात जावं लागे, तिला नाही. उलट आईनं पोळ्यांचं काम २००८ मध्ये सुरू केलं, म्हणजे धाकटीच्या पहिलीत आईला वेळ कमी होता. सगळ्यात मोठी गोष्ट: धाकटीला गुजराती अक्षरं शिकवली ती थोरल्यानं. तिसरीच्या त्या पडझडीत रात्री दिव्याखाली तोच तिच्या शिरोरेघा पुसत बसायचा. म्हणजे तिच्या वर येण्यात एक शिक्षक आणखी आहे, आणि तो अकरा वर्षांचा होता.

उशिरा सुरू केलेलं वाया जातं असंही नाही. ज्यांच्या गावात हे सगळं चाललं आहे ते सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढं त्यांनीच १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. अर्थात बाराव्या वर्षी इलियट साहेबांसारखा शिक्षक दिमतीला असणं आणि जोडवर्गात मागच्या बाकावर असणं यात फरक आहे. तरी थोरल्यालाही उशिरा कुणी तरी भेटलं. आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला एक निदेशक होते. व्हर्नियरचं माप आधी शाईनं वहीत लिहायचं, मग तपासायचं, आणि चुकलं तर शेजारी खरं लिहायचं, हा त्यांचा दंडक. थोरला आज मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि डिप्लोमा करून नुकत्याच नोकरीला लागलेल्या बहिणीपेक्षा जास्त पगार घेतो. तेव्हा कमाईवरून निकाल लावायचा तर आमचं प्रकरण तूर्त चेट्टी साहेबांच्या विरुद्ध जाईल.

एवढं सगळं वजा करूनही समासातलं ते वाक्य उरतं. ते ना आईकडून आलं, ना भावाकडून, ना गुजराती शाळेतून.

बाईंच्या घरी

बाई निवृत्त होऊन आता मुलाकडे राहतात. मी वह्या घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून समासातली ओळ वाचली आणि “गुजरातीत का लिहिलंय?” एवढंच विचारलं. धाकटी त्यांना नीटशी आठवेना. इतकी मुलं हाताखालून गेल्यावर आठवावी तरी कशी? वडील छापखान्यात, दोन वेण्या, अशा खुणा सांगितल्यावर त्या एकदम म्हणाल्या, “भाऊ न्यायला यायचा तीच का?”

थोरल्याची गुजराती शाळा सकाळची असे. संध्याकाळी बहिणीला घरी न्यायचं काम त्याच्याकडे. तो लवकर येऊन दाराशी उभा राहायचा. टिंबं राहिलेली मुलं वाचत असत, तेव्हा हा बाहेरून त्यांच्याबरोबर ओठ हलवायचा.

“आत बोलवावंसं वाटायचं हो,” बाई म्हणाल्या. “चौथीतला मुलगा आणि पहिलीच्या ओळीला अडखळायचा. पण माझ्या पटावर नव्हता. आणि दुसऱ्या शाळेतला.”

मला माँट्रियलच्या एका शाळेची हकीकत आठवली. १९७८ साली एगिल पेडरसन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पहिलीच्या एका शिक्षिकेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा माग काढला. गरीब वस्तीतली शाळा. तिच्या वर्गातली मुलं मोठेपणी इतर वर्गांतल्या मुलांपेक्षा सरस ठरली होती, आणि तिच्या हाताखालच्या प्रत्येकाला ती आठवत होती. काही जणांनी तर तीच आपली पहिलीची बाई असं सांगितलं, आणि नोंदवहीत पाहिलं तर त्यांच्या वर्गाला दुसरीच कुणी होती.

परतताना मी थोरल्याला फोन केला. पाळी सुटून तो घरी निघाला होता. विचारलं, बहिणीच्या पहिलीच्या बाई चुका पुसू देत नसत, हे तुला ठाऊक होतं का?

“हो, काका. दारात उभा राहून रोज ऐकायचो की.”

“मग तुझ्या वहीत सगळं पुसलेलं कसं?”

“आमच्या वर्गात पुसलं नाही तर वही फेकून द्यायचे.”